ओळख न ठेवणारा फोन

बा स्वतःहून फोन करणारा माणूस नाही. मी करायचे, तो उचलायचा, "हां, बरं आहे" म्हणायचा आणि फोन याडीच्या हातात द्यायचा. याडी म्हणजे आई. आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा, पुसदजवळच्या तांड्यातले. याडी गेल्यावर फोन पुढे द्यायला कोणी उरलं नाही आणि आमचं बोलणं दोन वाक्यांवर आलं. म्हणून त्या दिवशी कळंबच्या शाळेत चौथीच्या मुलांना भागाकार शिकवताना स्क्रीनवर बाचं नाव दिसलं, तेव्हा मी गणित अर्ध्यातच सोडलं. खडू टेबलावर ठेवून मी वर्गाबाहेर आले.

"तू हे कायले बनवलं?" त्यानं विचारलं.

बा माझ्याशी गोरबोलीत बोलतो. तांड्याबाहेर तो बोलतो त्या वऱ्हाडीत मी ते इथं लिहिते आहे.

"काय बनवलं, बा?"

"तुह्या याडीचं. गाणं लावून."

एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी परत लावला, उचलला नाही. भावाला लावला. तो बाच्या शेजारच्याच घरात राहतो. तो म्हणाला की सकाळी बाच्या फोनवर काहीतरी वाजलं, ओट्यावर तिघं-चौघं बसले होते, त्यांच्यासमोरच ते सुरू झालं. "मीबी पायलं. तुलेच विचारनार होतो," तो म्हणाला.

मग मी माझा फोन उघडला. तिथंही ते येऊन बसलं होतं. वर लिहिलं होतं, "यवतमाळची सहल".

यवतमाळला आम्ही सतरा दिवस दवाखान्यात होतो. याडीचं पोट फुगलं होतं आणि शेवटी शेवटी ती पाणीसुद्धा चमच्यानं घ्यायची. त्या दिवसांत मी बरेच फोटो काढले होते. काही भावाला दाखवायला, काही डॉक्टरांच्या कागदांचे, काही उगाच. त्यातलेच निवडून फोननं दीड मिनिटाचा एक सिनेमा केला होता. दवाखान्याची पायरी. खिडकीतलं कडुनिंबाचं झाड. सलाईनच्या दांडीला धरून उभी असलेली याडी. न खाल्लेली इडली, अगदी जवळून, हॉटेलच्या जाहिरातीत असते तशी. मध्येच रक्ताच्या तपासणीचा कागद. आणि या सगळ्याच्या मागे टाळ्यांच्या ठेक्याचं, लग्नाच्या वरातीत शोभेल असं संगीत. शेवटी अक्षरं आली: असेच क्षण जपत राहा.

मी वर्गात परत गेले. फळ्यावर अर्धा राहिलेला भागाकार एका मुलीनं पूर्ण करून ठेवला होता. बरोबर होता.

त्या रविवारी तांड्यावर गेले. कळंबहून यवतमाळ, तिथं गाडी बदलून दिग्रसवरून पुसद, पुढे ऑटो. पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. बा बाजेवर बसला होता. मी सांगितलं, "बा, मी नाही बनवलं. फोन आपोआप बनवतो."

"आपोआप काय बनते? शेतात तन आपोआप उगवते. हे तं कोनीतरी बनवलं."

"कंपनीची मशीन असते. आपण काढलेले फोटो तिच्याकडे जातात. ती जोडते."

त्यानं फोन काढून पाहिला. मग म्हणाला, "आपण यवतमाळले गेलतो हे त्याइले कोनं सांगतलं?"

मी सांगितलं होतं. म्हणजे, मी काही न सांगता सांगितलं होतं. नवा फोन घेतला तेव्हा जे जे विचारलं त्या सगळ्याला हो म्हणत गेले. बाला फोन घेऊन दिला, त्यातही माझंच खातं टाकलं, कारण त्याचं वेगळं काढायचा कंटाळा आला होता. तेव्हापासून मी काढलेला प्रत्येक फोटो त्याच्या खिशात जात होता.

मी त्याचा फोन मागून घेतला आणि त्याच्यासमोरच माझं खातं काढून टाकलं. "आता येणार नाही," मी म्हटलं. त्यानं फोन घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि बंडीच्या खिशात टाकला. तो रागावला आहे असं मी समजले. तेव्हा मी त्याला नीट विचारायला हवं होतं.

कळंबला मी जिथं भाड्यानं राहते, त्या गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त गृहस्थ राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सारी नोकरी झाली. आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि व्हरांड्यात बसून जुने रेडिओ, जुने फोन उघडायचे हाच त्यांचा उद्योग. गल्ली त्यांना काका म्हणते. लोकांनी टाकून दिलेल्या फोनांत ते दुसरीच कुठलीतरी प्रणाली भरतात आणि फोन परत चालू करतात, एवढं मी ऐकून होते. त्यांच्याकडे गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. त्यांनीच चष्मा काढून पुसला.

"असा फोन असतो का काका, जो हे करत नाही?"

"असते नं. पन मॅडम, काय पाहिजे ते सगळेच सांगतात. तुमाले काय नको ते सांगा पह्यले."

मी विचार केला. "मला न विचारता माझं काही कुणाला दाखवू नये. मलासुद्धा."

त्यांनी मान हलवली आणि वहीच्या मागच्या पानावर मला समजावून सांगितलं. फोनचं यंत्र वेगळं आणि ते चालवणारी प्रणाली वेगळी, हेच मला आधी धड माहीत नव्हतं. यंत्र तेच ठेवून प्रणाली बदलता येते. बदलायच्या तीन वाटा त्यांनी सांगितल्या. एक सगळ्यांत कडक, पण ती एकाच परदेशी बनावटीच्या फोनवर चालायची, आणि तो फोन माझ्याकडे नव्हता. दुसरी हौशी लोकांनी मिळून केलेली, पुष्कळ फोनांवर बसते; तिच्यात कंपनीचं खातं नाही, कंपनीचं दुकान नाही, काही अडलं तर विचारायलाही कोणी नाही. तिसरी तिच्यावरूनच बेतलेली, वापरायला सोपी, पण तिचं स्वतःचं एक खातं असतं, फोटो ठेवायची जागाही ती देते.

"लोकं चांगले आहेत म्हनतात त्याइचे," काका तिसरीबद्दल म्हणाले. "पन घर भाड्याचंच. फक्त मालक बदलला."

मी दुसरी निवडली. त्यांनी पुन्हा विचारलं, "बँकेचं अ‍ॅप बंद पडू शकते. शाळेचं हजेरीचं बी. चालन?"

"चालेल."

"आज चालन म्हनता. परवा मले शिव्या द्यान."

प्रणाली बदलायची तर फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं, आणि त्याला ज्यांनी फोन बनवला त्यांचीच परवानगी लागते. मागितली तर उत्तर आलं, सात दिवस थांबा. आपलाच फोन, आणि उघडायला सात दिवस. काका म्हणाले, "बरं झालं. कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसल्या जाते. सात दिवसांत काय ठेवायचं ते काढून घ्या." त्यांनी मला एक पेन ड्राइव्ह दिला.

ते सात दिवस मला अजून आठवतात, कारण त्या सात दिवसांत मी याडीला जितकं ऐकलं तितकं ती असताना कधी ऐकलं नव्हतं.

याडीला लिहिता येत नव्हतं. भावानं तिला बटन दाबून बोलायला शिकवलं आणि ती मला आवाज पाठवायला लागली. ते सगळे निरोप फोनमध्ये होते; त्यातले बरेचसे मी एकदाच ऐकलेले, काही तर धावत्या गाडीत अर्धवट. आता शाळेच्या मधल्या सुट्टीत, मुलं खिचडी खात असताना, मी मागच्या पडवीत जाऊन बसायचे आणि एकेक लावायचे. सुरुवातीला ती घसा खाकरायची, ग्रामसभेत उभं राहिल्यासारखी. मग विचारायची, बाटी खाल्ली का. भाकरीला आमच्यात बाटीच म्हणतात. मग शेळीला दोन पिल्लं झाली, एक पांढरं आहे. मग तुरीला शेंगा बऱ्या लागल्या. मग वहिनी भाजीत मीठ कमी टाकते, पण तिला सांगू नको.

आणि सांगून झालं की ती बटन सोडायला विसरायची. तेच मला जास्त आवडायला लागलं. तिचं बोलणं संपायचं आणि अंगण सुरू व्हायचं. बादली ठेवल्याचा आवाज. कोंबड्यांना हाकलणं. बाला म्हणणं, "उठता का आता." एका निरोपात तर ती चार मिनिटं नुसती कामच करते आहे, स्वतःशी काहीतरी गुणगुणत. होळीच्या आधी बायका लेंगी म्हणतात, त्यातली चाल होती ती, शब्द कळत नव्हते. मला आठवलं, त्या दिवशी हा निरोप आला तेव्हा मी वैतागून उलट लिहिलं होतं, "याडी, बटन सोडत जा." भावानं ते तिला वाचून दाखवलं होतं. त्यानंतरचे सगळे निरोप छोटे आहेत.

निरोप सगळे उतरवून घेतले. फोटो कंपनीच्या साठ्यातून मागवून घेतले, ते गठ्ठ्यानं आले. त्यात प्रत्येक फोटोच्या शेजारी एकेक विचित्र नावाची फाइल होती. शाळेच्या कॉम्प्युटरवर ती उघडेना. दहा-बारा उघडून पाहिल्या, एकही नाही उघडली. कचरा समजून मी त्या सगळ्या काढून टाकल्या. पेन ड्राइव्हवर जागा झाली, त्या जागेत शाळेचे कागद ठेवले. मग खात्यातून सगळं पुसलं आणि खातंही बंद केलं. खरंच बंद करायचं का, असं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हटलं, आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं.

आठव्या दिवशी काकांच्या व्हरांड्यात फोन लॅपटॉपला जोडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकत होती. मला भीती वाटत होती की फोन मरेल. काका निवांत होते. मी विचारलं, "तुम्ही या नादाला कसे लागलात?"

ते अक्षरांकडे पाहतच बोलायला लागले. "आमी बोर्डावर बसत होतो नं, तवा सारं गाव कानात राहे. लाइन जोडायची अन् कान काढून घ्यायचा, असा नियम. मी पायत होतो तो नियम. पन एक डाव नाही काढला." वणीच्या खाणीतून आलेला ट्रंक कॉल होता. एका घरचा कमावता पोरगा खाणीत दगावला, घरच्यांना आणायला माणूस धाडतो आहोत, तोवर त्यांना सांगू नका, असं कोणीतरी किराणा दुकानदाराला सांगत होतं. "ड्यूटी सुटली. बाजाराचा दिवस होता. त्या पोराची माय भाजी घेऊन बसली होती. मले म्हने, साहेब, वांगे घ्या, ताजे आहेत. मी घेतले. तिच्या तोंडाकडं पायलं नाही. मले माहीत होतं, तिले नव्हतं. कोनाचं असं आपल्याजोळ असनं लय वाईट, मॅडम. पोटात गोटा घेऊन फिरावं लागते." त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "याले पोट नाही. म्हनून हे गाणं लावते."

 थोड्या वेळानं पडदा उजळला. कोरा. घड्याळ, फोन, कॅमेरा, बस्स.

नंतरच्या दिवसांत काकांचं म्हणणं खरं ठरलं. बँकेच्या अ‍ॅपनं हा फोन सुरक्षित नाही म्हणून दार लावून घेतलं. हजेरीच्या अ‍ॅपनं मला ओळखायलाच नकार दिला आणि मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कोण एवढं पाहून राह्यलं होतं?" शेवटी काच तडकलेला माझा जुना फोन त्या अ‍ॅपपुरता शाळेच्या कपाटात ठेवला. बाकी फोन शांत होता. मी कुठं गेले ते विचारत नव्हता, काय खाल्लं ते विचारत नव्हता, काही आठवण करून देत नव्हता. रस्त्यानं चालताना मला हलकं वाटायचं.

मग एक दिवस, शाळा सुटताना फळा पुसत होते आणि कोपऱ्यात मीच सकाळी लिहिलेली तारीख दिसली. याडी गेली ती तारीख. सकाळी स्वतःच्या हातानं लिहिली होती, सहा तास तिच्यासमोर उभी राहून शिकवलं होतं, आणि मला कळलं नव्हतं. आधीच्या फोननं सकाळी सकाळीच सांगितलं असतं. वाजतगाजत सांगितलं असतं, पण सांगितलं असतं. मी डस्टर हातात धरून तशीच उभी राहिले. मग तेवढा कोपरा न पुसता घरी गेले.

होळीला तांड्यावर गेले. बायका गोल करून लेंगी म्हणत होत्या, बा त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. तो म्हणाला, "ते गेलं का पूर्रं?"

"काय?"

"ते. तुह्या याडीचं. गाण्याचं."

"गेलं बा. मी सगळं पुसलं. आता कधीच येणार नाही."

त्यानं मान हलवली. मग हळूच म्हणाला, "त्यात ते हासत होती."

"कुठं?"

"खाटेवर. पदर सारखा करून म्हने, बंद कर ते. अन् हासली. फोटो नव्हता तो. हालत होती."

मला काहीच आठवेना. त्या दीड मिनिटातलं मला कागद, इडली, सलाईन तेवढंच दिसलं होतं. संतापानं मी ते एकदाच पाहिलं होतं. बानं ते रविवारपर्यंत रोज पाहिलं होतं, हे तेव्हा मला कळलं. "पह्यल्या दिशी मले राग आला," तो म्हणाला. "चार लोकं बसले होते म्हनून. मंग सवय झाली. गाणं बी वाईट नव्हतं."

"मग मी काढत होते तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू रडून राह्यली होती."

मी रडत होते हे मला माहीत नव्हतं.

कळंबला परतल्याबरोबर काकांकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. काही फोन फोटो काढतानाच पुढचेमागचे दोन-तीन क्षण हलते टिपून ठेवतात, आपल्याला न सांगता, असं ते म्हणाले. मी कचरा म्हणून काढलेल्या त्या फाइली म्हणजे तेच क्षण होते. त्यांनी पेन ड्राइव्ह तीन दिवस ठेवून घेतला. पुसलेलं परत काढायची सगळी अस्त्रं वापरली. पण त्या जागेवर मी शाळेची पटनोंदणी, पोषण आहाराचे तक्ते चढवून बसले होते. "खालचं घासल्या गेलं, पोरी," ते म्हणाले. मॅडमच्या जागी पोरी त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं.

तो फोटो माझ्याजवळ आहे. याडी खाटेवर, हात पदराकडे निघालेला, ओठ मिटलेले. पुढच्याच क्षणी ती हसणार आहे, हे आता मला माहीत आहे. मी तो पुष्कळदा पाहते.

हे सगळं बाला कसं सांगायचं, याची मनाशी तयारी करून पुढच्या वेळी गेले. सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे." मग मी म्हटलं, "तुझ्याही फोनात माझ्यासारखंच करून देऊ का? काहीच पाहत नाही, कुणाला सांगत नाही."

"नको," तो लगेच म्हणाला. "माहा राहू दे तसाच. त्याले सगळे फोटो दे तू. पायन तो, अन् एखाद्या वेळी बनवन पुन्हा."

मी त्याला समजावून सांगितलं, तो हलता तुकडाच नाही तर मशीन कुठून आणणार. त्यानं ऐकून घेतलं. "पह्यले बी तुले माहीत नव्हतं, त्याले होतं," तो म्हणाला.

 बाजेवर बसून मी त्याच्या नावानं नवं खातं काढलं. जे जे विचारलं त्या सगळ्याला हो म्हटलं. मग पेन ड्राइव्हवरचे याडीचे सगळे फोटो एकेक करून त्यात चढवले, दवाखान्याचेसुद्धा. सिग्नल कमी होता, दुपार गेली. बा शेजारी बसून प्रत्येक फोटो वर जाताना पाहत होता, गाडीवर पोती चढताना मोजून घ्यावीत तसा.

त्यानंतर त्याच्या फोनवर दोन-तीनदा काहीतरी बनून आलं. एकदा बैलांचं आलं, भावानं पोळ्याला काढलेले फोटो होते. एकदा नुसतं आभाळ. याडीचं आलं नाही. मी गेले की चहा होण्याआधी तो खिशातून फोन काढून माझ्या हातात देतो.

"पाय बरं, काही आलं का."

मी वरपासून खालपर्यंत पाहते. खरंच नीट पाहते. "नाही रे बा, आज नाही."

"बरं," तो म्हणतो आणि फोन चार्जिंगला लावायला आत जातो.